दिवस बुडाला का नाही

१८ मे
मेडशीच्या डोंगरावर दिवसभर. मोजायची टेप हातात धरवत नव्हती इतकी तापलेली. सुभाषकाकांची जागा. वाशीमला कापडाचं दुकान, नि आता डोंगरात लग्नाचं ठिकाण काढायचं खूळ. पहिलं लग्न घरचंच, लेकीचं, नेहलचं. (नेहल नि मी शाळेपासून एका बाकावर.) मुलाकडच्यांना हिमाचलात हवं होतं. काका म्हणाले, "तिकडं कायले? आपल्या इकडं डोंगर नाई काय?"
नकाशा माझा. स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम! जमलं तर पुढचं सगळं मलाच, नाहीतर नागपूरचे डिझायनर टपून बसलेतच.

१९ मे
काकांची एकच अट: जेवण दिवस बुडायच्या आत. जैनांचं घर, त्यात काका नेमाचे पक्के, अंधार पडला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. म्हणून संध्याकाळी मुद्दाम थांबले. सूर्य शेवटपर्यंत खिंडीत, उजेड थेट पंगतीच्या जागेवर. झकास. ओटा इथंच.
बाबांना नकाशा दाखवला (ते मेडशीतच, मी एरवी वाशीमला खोलीवर). "लोकं डोंगरावर चढतीन जेवाले? चपला तुटतीन त्यायच्या." बाबांचं कौतुक हे असंच.

९ ऑक्टो.
दगडी ओटा झाला. काय दिसतो! काका हात फिरवून पाहत होते. मुहूर्त डिसेंबरचा निघाला. नेहल खूश, "माह्या लग्नात मले थंडी वाजली पायजे." घे म्हटलं, शालू सोडून स्वेटर घाल.

२३ नोव्हें.
काहीतरी गडबड आहे. दिव्यांच्या वायरी ओढत होतो, तर पंगतीवर सावली. आधी वाटलं ढग. आभाळ कोरं. खिंडीत पाहिलं, तिथं सूर्य नाहीच. डावीकडच्या सुळक्यामागं गेलेला.
मे महिन्यात पाहिलं मी. मे महिन्यात! हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकतो हे शाळेतल्या पोराला विचारा. आणि मी डिझायनर.
पण आभाळात उजेड होता, पंचांगातला सूर्यास्त अजून लांब होता. मग हा बुडाला म्हणायचा की नाही? विचारावं तर काकांना, आणि कळायला नको तेही त्यांनाच...

२४ नोव्हें.
ओटा हलवणं शक्य नाही. वरच्या सपाटीवर पंगत नेली तर वारा, पत्रावळी थेट गावात. जेवण दुपारी ठेवू म्हटलं तर मुलाकडचे तोंड वाकडं करतील.
बाबांना सहज म्हणून विचारलं, सूर्य डोंगराआड गेला म्हणजे मावळला का? "मंग का च्या प्याले गेला?" जरा वेळानं म्हणतात, "पलीकडच्या वावरात अजून उन्ह असन म्हना." म्हणजे काय समजू मी? झोप नाही.

३० नोव्हें.
आज आचाऱ्याच्या हातची चव पाहायला काका घरच्यांना घेऊन डोंगरावर. लवकर बसा, लवकर बसा म्हणून माझा घसा बसला. काका मात्र कमान बघ, पायऱ्या बघ. शेवटी बसले. दोन घास होत नाहीत तो सावली आली. काकांचा हात ताटातच थांबला.
नेहल, "पप्पा, पंचांगात टाइम हाये अजून."
काका डोंगराकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं वळले. "तू जागा आखली, तुले मालूम. दिवस बुडाला का नाई? जेवू का?"
सगळे माझ्याकडं बघून राह्यले. मी म्हणाले, "नाही बुडाला काका. जेवा."
जेवले. वर एक पुरी मागून घेतली.
खरं म्हणून बोलले की काम जाईल म्हणून? घरी येऊन पंचांग पाहिलं. सूर्यास्ताला वेळ होता. तरी पुन्हा दोनदा पाहिलं.

२ डिसें.
संध्याकाळी काकांचा फोन. आज सांगायचंच ठरवलं होतं.
"काका, पंगत वर सपाटीवर नेऊ का? वाऱ्याचं बघते काहीतरी."
"काहून? ओटा चांगला हाये."
"सावली लवकर पडते तिथं. चूक माझीच आहे. मी उन्हाळ्यात..."
"आइक वं पोरी. मी पंचांग पाहून जेवनारा मानूस नाई. आजवर माह्या डोळ्याले दिसलं तेच खरं. त्या दिवशी पयल्यांदा दुसऱ्याच्या शब्दावर जेवलो. तू खोटं बोलनार नाई, मले मालूम हाये. लग्नात बी पंगतीपाशी तूच उभी राह्य. तू बुडाला म्हनलं का आमी सारे उठू."
पुढचं कामही मलाच, म्हणाले. हेच तर हवं होतं ना मला? मी हो म्हणाले का, आठवत नाही.
बाहेर येऊन उभी राहिले. वाशीमात कुठला डोंगर. सूर्य समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं गेला, आणि बुडाला की नाही ते मला ठरवता येईना.