फ्यूज माझ्या कनवटीला

घरच्या कारभाऱ्यांना दुरूनच वाकून नमस्कार.

पोरीची काळजी करू नका. बोटं जराशी भाजलीत, पण स्वतःच्या हाताने जेवते. तुम्ही डोळ्यांत थेंब टाकता ना?

आता खरं काय झालं ते सांगते. एसी दुरुस्तीच्या वर्गात मास्तरच शिकवतो, की वायरला हात लावणाऱ्याने फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचा. आपली नात ठेवायला गेली, तर म्हणाला, "माझ्याकडे राहू दे." मग याला उकडलं. पंखा त्याच लाइनीवर. पोरीचे हात मशीनमध्ये असताना मुडद्याने फ्यूज लावला! वर तोंड करून म्हणतो, "मुलींचं हे काम नाही."

दुसऱ्या दिवशी मीच गेले. पोर वायरी जोडायला बसली आणि फ्यूज मी कनवटीला खोचला. मास्तर घामाघूम. "आजी, द्या ना!" म्हटलं, "तिचं होऊ दे. तोवर वहीने वारा घे."

तिला परत आणा, असं तुम्ही लिहिलंत. चुकला मास्तर आणि शिक्षण सुटायचं पोरीचं, हा कुठला न्याय? तिचं शिकून होईपर्यंत मी रोज तिथे जाऊन बसणार. तोवर तुमचं तुम्ही रांधून खा. त्याला मास्तर लागत नाही.

तुमचीच,
कारभारीण