किनाऱ्यावरचा बिल्ला

मानवत, ४ मार्च १९७३
नौदल-संग्रहालयातील माझी खुर्ची जमिनीला स्क्रूने जखडलेली आहे, ही तक्रार मी येथे गांभीर्यपूर्वक नोंदवतो. टेबल हातभर लांब, चहा त्याहून लांब. सात वर्षं संस्कृत पाठशाळेत काढली, पण खुर्चीला शाप कसा द्यावा हे कुणी शिकवलं नाही. भगवानराव म्हणाले, वादळात घसरू नये म्हणून. मानवतात, दुष्काळात, कापसाच्या गोदामात वादळ! वीस वर्षं नौदलात काढून त्यांनी हे संग्रहालय मांडलं. पाट्या लिहायला माझ्यासारख्या जुन्या वार्ताहराला बोरीहून बिऱ्हाडासकट आणलं. जागा झकास आहे.

५ मार्च
दाराशी एक फळा आहे, बुडालेल्या जहाजावरून काढलेला. डावीकडे ‘किनाऱ्यावर’, उजवीकडे ‘जहाजावर’. आत येताना आपल्या नावाचा पितळी बिल्ला उजवीकडे अडकवायचा, जाताना डावीकडे. नियम एकच: ज्याचा बिल्ला त्यानेच हलवायचा. बुडालेल्यांचे अकरा अजून उजवीकडेच आहेत.

७ मार्च
आमचा बन्सीधर नौदलात खलाशी. परवा रजेवर येतोय. बापाची मिजास म्हणा, त्याच्या नावाचा बिल्ला करवून उजवीकडे अडकवला. त्याची आई कमल म्हणाली, पोरगं आधी घरी तर येऊ द्या.

८ मार्च
भगवानरावांनी बिल्ला बघितला. मग म्हणाले, काढा गुरुजी. निघेना. पक्कडीनंही नाही. आता ज्याचा त्यालाच काढू द्या, म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता गेले.

९ मार्च
बन्सीधरची तार. रजा रद्द, जहाज निघालं.

११ मार्च
झाडणाऱ्या चांगुणाबाईनं झापलं. आमी टँकरला रांगा लावायलोत, आन् तुमी फळ्याखाली पाणी सांडता व्हय? मी सांडलं नव्हतं. बोट बुडवून चाखलं. खारट.

१२ मार्च
ओल वाढलीय. पाट्या लिहितो. अक्षर चांगलं येतंय.

१३ मार्च
सकाळी कुलूप मीच उघडलं. बन्सीधरचा बिल्ला डावीकडे. किनाऱ्यावर. ओला.
ज्याचा त्यानेच —
फळ्यापासून ओली पावलं. माझ्या खुर्चीला वळसा. मग दाराबाहेर, आमच्या गल्लीकडे.
भगवानराव टोपी काढून उभे आहेत.
मी खुर्चीत. उठवत नाही.
खरं लिहितो. पावलांची भीती नाही. काळजी एकच. तार आली तरी कमल चार दिवस दार उघडं ठेवून बसलीय. ती त्याला आत घेईल, ताट वाढेल, आणि वाढताना त्याच्या गार हाताला हात लागला की तिला कळेल —