प्रवाळाचं विरजण

३ मे
लेक भार्गवी मालवणला गेली. तिच्या पीएच.डी.ची प्रवाळं आता माझ्या हवाली. कॉलेजात सारखे दिवे जातात, म्हणून टँक आमच्या हॉलमध्ये, टीव्ही हद्दपार. फ्रिजमध्ये एक बाटली. त्यात म्हणे प्रवाळांवर राहणारे उपकारी बॅक्टेरिया. पाणी तापलं तरी प्रवाळाला तगवतात. दोन वर्षं खपून एवढेच जमले. रोज चार थेंब घाला, बाकी कशाला हात लावू नका, असं तीनदा बजावून गेली. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला!

५ मे
चार थेंबांनी काय होणार? पोरीकडे चिकाटी आहे, कल्पकता नाही. आईवर गेलीय, दमयंतीवर.

६ मे, सकाळी
सुचलं! बॅक्टेरिया म्हणजे विरजणच की. आमच्या घरात दही कधी विकत आलेलं नाही. दमयंती वाडग्यातलं शेवटचं चमचाभर कुणाला खाऊ देत नाही. अख्खी बाटली कोमट दुधात ओतली. उद्या पातेलंभर होतील.
दमयंतीने विचारलं, पोरीला फोन केलात का? हिला सगळ्याला परवानगी लागते.

७ मे
दही लागलं नाही, दूध फाटलं. खारट वास. समुद्राचे बॅक्टेरिया, गुलाबाचा येणार का? दोन वाट्या टँकमध्ये घातलं.

९ मे
दमयंती म्हणते, हॉलमध्ये बसवत नाही. ती मिरकरवाड्याच्या मासळी बाजारालाही नाक मुरडते. दुर्लक्ष केलं.

१० मे
तपकिरी प्रवाळं पांढरीशुभ्र झाली! सगळा मळ गेला. फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'तुझ्या बाबांची करामत.' तिने पाहिला. उत्तर नाही. या घरात कौतुकाचा दुष्काळच.

११ मे
मिळेल ती एसटी धरून भार्गवी आली. ओरडली असती तर माझं उत्तर तयार होतं. टँककडे एकदाच बघितलं, पांढरी म्हणजे मेली, असं पुटपुटली आणि सरळ फ्रिज उघडला. बाटली मी स्वच्छ धुऊन ओट्यावर पालथी घातली होती. ती उचलून तिने उजेडात धरून बघितली. मग एवढंच विचारलं, बाबा, विरजणापुरतं तरी ठेवायचंत ना?
मी म्हटलं, तसं आधी सांगायला हवं होतंस. मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं संशोधन करून पोरीला साध्या सूचना देता येत नाहीत.

१२ मे
भार्गवी पहिल्या एसटीने परत गेली. दमयंतीने दही लावलं. वाडगा मात्र माझा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवलाय.