अब्बांची पैनगंगेकाठची वाट

प्रिय अख्तरी,

माझं नाव पाहून पत्र बाजूला टाकू नकोस, बाई. अब्बांची वकिली करायला नाही लिहीत. गेल्या आठवड्यात मी एक खुळेपणा केला, तो सांगतो. मेहकरपासून पैनगंगेच्या काठाकाठानं वर चिखलीकडे चार दिवस पायी गेलो. दिवाळी झाली की अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गाद्या पिंजायला जायचे, तीच वाट.

मला पाहायचंच होतं, हा माणूस महिना महिना जायचा तरी कुठं! जुनी वाट मध्येच धरणाच्या पाण्यात गेलीय, तिथं बांधाबांधानं फिरावं लागतं. काठावर हेमाडपंती देवळं केवढी आहेत ग! एका देवळाच्या ओट्यावर म्हातारे जमले होते, त्यांना विचारलं. अब्बांना सगळे ओळखत होते, पण आमच्या गावात दहा वर्षांत त्यांचं पिंजण वाजलं नाही, असंच जो तो सांगे. बीटीचं बियाणं आल्यापासून कापूस शेतातून थेट जिनिंगला जातो, गादीपुरताही घरी राहत नाही, अन् अंगावर घ्यायला बाजारातलं ब्लँकेट. मग अब्बा इतके दिवस करत काय होते?

तुझा संशय माझ्याही मनात होता, खोटं काऊन बोलू? त्यांच्या गाठोड्यात परक्या बाईच्या लुगड्याचं धडुतं तुलाच सापडलं होतं. अम्मी हयात असताना दुसरं घर केलं म्हणून भर अंगणात तू त्यांना नाही नाही ते बोललीस, अन् सात वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाहीस. अब्बांनी नुसती मान खाली घातली होती.

चिखलीच्या अलीकडे एका गावात वच्छलाबाई भेटल्या, मजूर बायांच्या मुकादम. मी विचारलं तर हसायलाच लागल्या. अब्बा म्हणे त्यांच्यासंगं कापूस वेचायचे! इतक्या बायांत एकटा बाप्या. पहिल्या दिवशी कापूस सदऱ्यातच भरून राह्यले होते, तेव्हा वच्छलाबाईंनी आपलं जुनं लुगडं फाडून त्यांच्या कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधून दिली. मेहकरात कोणाले सांगू नका, एवढं मात्र रोज हात जोडून म्हणायचे. मी तिथंच बांधावर बसून रडलो.

कळलं का तुला? बायांत ओटी बांधून मजुरी करतो हे लेकीला सांगण्यापेक्षा आपल्या कारागीर बापानं बदनामी पत्करली.

आता ते अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी फार दिवस दिले नाहीत. म्हणून हे लिहितोय. ये. पण माफी मागू नकोस, नाहीतर आपल्याला सगळं कळलं हे त्यांना समजेल. हवं तर पहिल्यासारखं भांड, तोंडाला येईल ते बोल, फक्त त्यांच्या उशाशी बसून बोल.

तुझाच भाऊ,
बशीर