दुसरा घोट

३ मार्च, सोमवार

आणि वर आबा मलाच म्हणतात, तू काय डॉक्टर झालास? नाही झालो! सातवीत शाळा सुटली तेव्हा तुम्हीच म्हणालात, पोरगं कमावतं झालेलं बरं. आता कमावतोय. दर महिन्याला तुमच्या बीपीच्या गोळ्यांचे बाराशे पाठवतोय. निदान गोळ्या तरी गिळा.

नर्सबाई परवा गावी घरी येऊन आबांचं बीपी मोजून गेल्या. वरचं एकशे सत्तर, खालचं शंभर. आबा फोनवर काय सांगतात — बाईंचं मशीन जुनं झालंय. गेल्या वेळी बाईंचा हात जड होता. त्याआधी म्हणे नुकताच जिना चढून आलो होतो. आमच्या घराला जिना नाही.

कंजूष माणूस. बिस्कीटसुद्धा कधी अख्खं खाल्लं नाही. आणि माझ्या घामाच्या गोळ्या कुठे घालवतो देव जाणे.

४ मार्च

मी कामाला आहे त्या दवाखान्यात आज लसूणकाका. आमचं जुनं गिऱ्हाईक. आजार काही नाही, वर्तमानपत्र आहे. दर आठवड्याला एक कात्रण आणतात, फी भरतात आणि डॉक्टरांची परीक्षा घेतात. मागे कधी तरी लसणाने हृदय सुधारतं असं छापून आलं होतं. तेव्हापासून ते आत गेले की मला खिडकी उघडावी लागते.

आजचं कात्रण कॉफीचं. कॉफीने आयुष्य वाढतं, संशोधनात सिद्ध झालंय.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोणाचं?"

काकांनी कागद लांब धरून परत वाचला. खाली बारीक अक्षरात होतं — उंदरांचं.

"मग घरातल्या उंदरांना सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही रोज चालायला जा."

काका खूश होऊन गेले! आणि मी? उंदीर फुकट कॉफी पितात, मला चहाचं दूधही पदरचं आणावं लागतं. पुढचा जन्म संशोधनातल्या उंदराचा मिळो.

बाकी आमच्या डॉक्टरांना काहीही विचारा, हो किंवा नाही म्हणून सांगणार नाहीत. अंडं खाऊ का? — कोण खाणार, किती, कशात तळून? दुपारी झोपू का? — रात्री झोपता का? लोक पैसे मोजून उत्तर घ्यायला येतात, हे प्रश्नच परत करतात, नोट चालत नाही म्हटल्यासारखे. आणि मीठ कमी करा, मीठ कमी करा सांगणाऱ्या या माणसाच्या टेबलाच्या खणात वेफर्स असतात. रिकामी पाकिटं मीच टाकतो. मला माहीत नसेल तर कोणाला?

७ मार्च

डब्यात साडेसहा हजार झाले! लायसन्सची फी. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतो सगळी एकदम भर, सतराला नवी तुकडी सुरू होतेय. एकदा ट्रकवर बसलो की सुटलो. आज इथे, उद्या आणखी कुठे. दारात उभा राहून "पुढचा नंबर" ओरडायला आयुष्य पडलेलं नाही माझं.

ताईला फोनवर सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, एव्हाना घरीही कळलं असेल.

८ मार्च

आबांना फोन. म्हटलं, आत्ता घ्या गोळी. मी ऐकतो.

पाकिटाचा आवाज आला. मग घोट. मग जरा वेळाने आणखी एक घोट. एवढ्याशा गोळीला दोन घोट! सोंग आणायचं तर नीट आणावं. नुसतं पाणी प्यायले असणार. गोळी गेली खाटेखाली.

आईला फोन द्या म्हटलं. आई म्हणाली, माझ्यासमोर घेतात रे, तू नको त्यांच्या मागे लागूस, ठेव आता, तुझे पैसे जातात. म्हणजे तीही सामील.

१० मार्च

आज डॉक्टरांपुढे तोंड उघडलं. दुपारी पेशंट नव्हते, खण उघडा होता. म्हटलं, आबांचं बीपी उतरत नाही, जरा जोरदार गोळी लिहून द्या.

झाले सुरू! कुठली गोळी, कधीपासून, कोण मोजतं, लोणचं-पापड किती. मी म्हटलं, गोळीतच दम नाही. त्यावर खण बंद करून सरळ बसले.

"ही गोळी हजारो माणसांना देऊन बघितलीय. काम करते. पण संशोधनात गोळी देणारा समोर उभा असतो. हिशोब ठेवतो, परत बोलावतो. घरी कोण असतं? फक्त तुझे आबा."

मग म्हणाले, कितीतरी पेशंट गोळी घेत नाहीत आणि घेतो म्हणून सांगतात. आम्ही आपले डोस वाढवत बसतो. मग एक दिवस खरंच सगळी गिळतात आणि चक्कर येऊन पडतात.

"मग मी काय करू?"

"बघ. ऐकू नकोस, बघ."

पहिल्यांदाच या माणसाने प्रश्न न विचारता काही सांगितलं. वेफर्सही पुढे केले. दोन घेतले.

११ मार्च

आबांचा फोन बटणांचा, त्यात चेहरा दिसत नाही. गावच्या घराशेजारच्या वहिनींना पटवलं. उद्या गोळीच्या वेळी त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून दारात उभ्या राहतील. आबांना आधी कळता कामा नये म्हटलं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, पोलिसात जा तुम्ही.

१२ मार्च

टाकला छापा.

आबा खाटेवर बसले होते. मांडीवर ताटली, हातात सुरी. ताटलीत गोळी. डोळे बारीक करून, जीभ दातात धरून त्यांनी ती मधोमध कापली. अर्धी तोंडात टाकली. घोट. उरलेली अर्धी तळहातावर घेऊन हात बाजूला लांब केला. तिथून आईचा हात आला.

दुसरा घोट.

मी ओरडलो असणार, कारण वहिनींचा फोन हलला. मग आई समोर आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "थंडीत बाईंनी माझंही मोजलं होतं. माझंही वरच आहे. तुझ्या डोक्याला एक पुरे म्हणून नाही सांगितलं."

नर्सबाईंनी डॉक्टरकडे जा म्हणून बजावलं होतं. हे दोघे घरातच डॉक्टर झाले.

आबांनी फोनकडे बघितलंच नाही. ताटलीतला गोळीचा भुगा बोटाने गोळा करत होते. "घरात आलेली वस्तू मी एकट्याने खाऊ काय?" म्हणाले. आणि मग, हळूच, "तुझं लायसन्स होऊ दे आधी."

ताईच्या पोटात खरंच काही राहत नाही.

मी फोन ठेवला. आठवडाभर याच माणसाला खोटारडा म्हणत होतो मी.

१३ मार्च

लसूणकाका आज त्यांचा वार नसताना आले. नवं कात्रण — ज्या नवरा-बायकोचं चांगलं जमतं त्यांचं बीपी आटोक्यात राहतं म्हणे. किती जोडप्यांवर बघितलं ते छापलं नव्हतं. म्हटलं, काका, आमच्या घरचं एक जोडपं त्यातून वजा करा. त्यांना वाटलं भांडतात. वाटू दे.

ते गेल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. नाही हसले.

म्हणाले, अर्ध्या गोळीत दोघांचंही भागत नाही. वडिलांनी आपली अख्खी घ्यायची. आईला मी इथून काही लिहून देणार नाही. तिथल्या डॉक्टरांकडे ने म्हणावं. रक्त तपासू दे, लघवी तपासू दे. नवऱ्याची गोळी बायकोला चालेलच असं नाही. घरात मोजायचं मशीन घ्या. आणि उशीर नको.

मी सगळं लिहून घेतलं. मग ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आम्ही विचारतो, गोळी घेता का? हो की नाही? तुझ्या आबांनी यावर काय सांगायचं?"

"तुम्ही तरी कुठे कधी हो-नाही म्हणता?"

"म्हणूनच नाही म्हणत."

मग बेल मारली. मी बाहेर येऊन नंबर पुकारला.

१४ मार्च

आबांशी भांडलो. आईला डॉक्टरकडे नेणार की नाही, एवढंच विचारत राहिलो. म्हणाले, बघू, पुढच्या महिन्यात बघू, तिला काही होत नाहीये. म्हटलं, तुम्हालाही काही होत नव्हतं. मग म्हणाले, खर्च किती येईल?

म्हटलं, तुमच्या हातात पैसे देणारच नाही. तुम्ही त्याचेही दोन तुकडे कराल.

हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मागे आईही.

१७ मार्च, सोमवार

सकाळपासून "पुढचा नंबर" ओरडून घसा बसला. दुपारच्या सुट्टीत ड्रायव्हिंग स्कूलवरूनच गेलो, नवी तुकडी दारात उभी होती. पुढे जाऊन पैसे पाठवले. पहिल्यांदाच आईच्या नावावर.

साडेसहा हजार.