तुमच्या हातची गाठ

आत्याबाई, उद्या खालापूरचा बाजार आहे आणि मला तिथं जायचं नाही. जावं तर लागणारच. तुमच्या नातवाला, माझ्या लेकाला, मुलगी झाली. सून सव्वा महिना झाल्यावर परवाच लोधिवलीहून, माहेराहून आली, आणि भातकापणी तोंडावर आहे. पोरीला पाठीशी बांधून शेतावर न्यायचं म्हणजे कापड हवं. काल सुनेनं माझ्या पेटीत हात घातला, तुमचं ते जाडं, लाल काठाचं कापड वर काढलं आणि सासू म्हणून मी तुम्हाला मारायची तीच हाक मला मारून म्हणाली, "आत्याबाय, येवढं चांगलं हाय तर नवं कशाला? नुसती गाठ तर सोडायची." मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं, इतकं जोरात की बिचारी घाबरून मागं सरली. मग दिवसभर ती चुलीपाशी भांडी आपटत होती, मी अंगणात बसून होते. शेवटी वाटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. मला अक्षरं तुमच्या नातवानंच शिकवली, शाळेतून आला की पाटी माझ्यापुढं सरकवायचा. तुम्ही असता तर म्हणाला असतात, म्हातारपणी ही काय थेरं. असू द्या.

आगगाडीचा रस्ता घाटात चढत होता तेव्हाचे ते दिवस. पळसदरीच्या वरच्या अंगाला आपली झोपडी. तुमचा मुलगा कड्यावरून दोराला लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायचा आणि आपण दोघी खालच्या झऱ्यावरून पाथरवटांना पाणी न्यायचो. वाट म्हणजे कड्याच्या अंगात खोदलेली पाऊल मावेल एवढी पट्टी. एक हात डोक्यावरच्या घागरीला, दुसरा कड्याला. तिसरा हात देवानं दिला नाही, म्हणून पोर खालीच ठेवावं लागायचं. माझा पहिला मुलगा जन्मतानाच गेला होता. दुसरी मुलगी, तिला मी झोपडीत झोळी बांधून तिच्यात ठेवायची. त्या दिवशी तिचं अंग कढत लागत होतं. मी दारात घुटमळले. तुम्ही घागर उचलता उचलता म्हणालात, "ऱ्हाऊ दे झोळीत. काय नाय होत." मी गेले. दुपारी खाली आले तर ती थंड झाली होती. त्यानंतर आपण दोघी एका चुलीवर रांधत होतो, एका ताटलीत जेवत होतो, पण त्या झोळीबद्दल मी बोलले नाही आणि तुम्हीही नाही. कडकडून भांडलो असतो तर बरं झालं असतं. माझ्या मनात तुमच्याबद्दल जे होतं ते विष होतं, दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

मग हा झाला, तुमचा नातू. पाचवीलाच मी सांगून टाकलं की हा माझ्या अंगावरून खाली उतरायचा नाही. वर जाईन तर पाठीशी बांधून जाईन, वाडीवरच्या ठाकरणी नेतात तसा. आजूबाजूच्या झोपड्यांतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, कुणब्याची सून आणि पोर पाठीला बांधणार म्हणून. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी लाकडं विकायला आलेल्या एका ठाकरणीला तुम्ही दारात बसवलंत, भाकरी दिलीत, आणि तिच्याकडून कापड खांद्यावरून काखेखाली कसं घ्यायचं, गाठ कुठं बसवायची ते विचारून घेतलंत. मी आतून बघत होते. तेव्हाही माझं मन काही मऊ झालं नाही.

खालापूरच्या बाजारात दोघांची कापडं समोरासमोर मांडलेली होती. एकीकडे घाट उतरून आलेला कोष्टी. त्याचं कापड जाडंभरडं, मातकट रंगाचं, हाताला खरखरीत. दुसरीकडे पनवेलीकडचा व्यापारी, त्याच्याकडे विलायती कापड, पांढरं, घट्ट, घडी उलगडली की कडकड वाजणारं. माझी आधीची दोन पोरं जुनेरातच गुंडाळली गेली होती. याला मी नवं, पांढरं घेणार होते. तुम्ही त्या पांढऱ्या कापडाचं टोक बोटांत धरून चोळलंत. बोटांवर पिठासारखी खळ आली. ती तुम्ही लुगड्याला पुसलीत आणि कोष्ट्याकडे बघितलंत. मी म्हणाले, "मला हेच पायजे." तुम्ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. तुम्ही एक शब्द जरी बोलला असतात ना, तर भर बाजारात मी झोळीचं काढलं असतं. जिभेवरच होतं. तुम्हाला ते कळलं असावं. "घे," एवढंच म्हणालात.

वाटेत मात्र कापड माझ्या हातून घेतलंत. म्हणालात, "घडी मी मोडीन." आपल्यात नव्या लुगड्याची घडी थोरल्या बाईनं नेसून मोडायची हे मला माहीत होतं, पण लेकराच्या कापडाची घडी सासूनं मोडायची हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आतल्या आत धुमसत राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही ते पाठीला बांधून घराबाहेर पडलात. जाताना सांगितलंत की मी पोराला घेऊन घरी बसावं, दोघींचं पाणी तुम्ही ओढाल. मी मान वर करून नीट पाहिलंही नाही. मला वाटलं, हौस बघा म्हातारीची, नवं कापड मिरवायला निघाली. त्यात मिरची वाटायला गेले तर नुसता पाटा, वरवंटा गायब. ज्यानं कोणी नेला त्याच्या नावानं बोटं मोडत मी दगडानं मिरची ठेचली. तसेच काही दिवस गेले. तुम्ही भल्या पहाटे जायचात, अंधार पडल्यावर यायचात, कापड बाहेरच वाळत टाकायचात, आणि मी तुमच्याकडे पाठ करून निजायची.

एके दिवशी दुपारी मी उंबऱ्यात बसले आहे. हा अंगावर पितो आहे. वरून बायकांचा कालवा ऐकू येतो, आधी काही उमगत नाही. मग एकीचा आवाज लख्ख येतो, "पोर पडलं गं, पोर पडलं." आत्याबाई, पोर माझ्या मांडीवर होतं. त्याच्या तोंडात दूध होतं. तरी मी उठले आणि त्याला छातीशी दाबून ओरडत वाटेला लागले, आणि मला खरंच वाटत होतं की पडला तो हाच. पाय भलतीकडे पडत होते. वरून धावत येणाऱ्या बायका मला बघून जागीच थांबल्या. एक जण पुढं आली, तिनं याच्या गालाला हात लावून पाहिला आणि मागच्यांना ओरडून म्हणाली, पोर हितं हाय. मग एकेक कळत गेलं. सकाळपासून डोक्यावरच्या घागरीचं पाणी तुमच्या पाठीवर ठिबकत होतं. वळणावर, जिथं कड्याला हात लावावा लागतो तिथं, कापड ताणलं, गाठ आपोआप सरकली आणि पाठीवरचं गाठोडं दरीत गेलं. बायकांना त्यातून कुंचीचा गोंडा दिसला होता, म्हणून त्या ओरडल्या.

सगळ्यांच्या मागून तुम्ही आलात. डोक्यावर घागर तशीच, पाठ मोकळी, हातात ते कापड. मी ते घेतलं. खळ रोजच्या पाण्यानं धुऊन गेली होती, उरली होती नुसती चाळण. पलीकडची माझीच बोटं मला दिसत होती. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, तसा तुम्ही वरवंटा त्या कापडात बांधून रोज घाट चढत होतात. आणि त्याच्यावर घातली होती माझ्या मुलीची कुंची. मला वाटत होतं ती कुंची तिच्याबरोबरच गेली, ती तुम्ही ठेवली होती. तुम्ही घागर उतरवलीत, कंबरेवर हात ठेवून श्वास घेतलात आणि म्हणालात, "घडी मोडली. आता दुसरं बघू."

मी विचारलं, "कुंची?"

"बहिणीची होती, भावाच्या कामी आली," म्हणालात, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून खालीच बसलात. मी तुम्हाला रडताना तोवर पाहिलं नव्हतं. झोळीचं आपण तेव्हाही बोललो नाही. मी याला तुमच्या मांडीवर ठेवलं. अंगावरून उतरवणार नाही म्हणाले होते, पण तेव्हा उतरवला. तुम्ही त्याला हुंगत बसलात आणि मी तुमच्याजवळ बसले, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

पुढच्या बाजारी कोष्ट्याकडे आपण दोघी गेलो. तुम्ही त्याचं लाल काठाचं कापड उचललंत आणि सरळ नदीकडे निघालात. तो मागून ओरडत आला, न घेता भिजवू नका म्हणून. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत, चालता चालता सांगितलंत, "भिजल्यावर कसं वागतं ते बघते. मग घेते." दगडावर चोळलंत, पिळलंत, एक टोक मला दिलंत आणि दुसरं धरून असं काही ओढलंत की मीच पाण्यात बसले. कोष्टीसुद्धा हसला. त्याचीही घडी तुम्हीच मोडलीत, शेजारणीचा वरवंटा मागून, आणि तिनं तो पाय आपटतच दिला. मग कुठं ते माझ्या पाठीला आलं. रोज पहाटे तुम्ही माझ्यामागं उभ्या राहायचात. "श्वास घे. सोड." खांद्याच्या मागं, माझा हात पोचत नाही तिथं गाठ आवळायचात आणि वर एक थाप मारायचात. एकदा सुरुंग वेळेआधी उडाला. घागरी टाकून सगळ्या बायका पळाल्या, मी दोन्ही हातांनी दगड धरत धरत उतरले, आणि खाली येऊन बघते तर हा पाठीवर गाढ झोपलेला. तेव्हापासून मला त्या वाटेचं भय वाटेनासं झालं.

पण दुसरंच आलं. झोपड्यांतून पटकीची साथ शिरली. त्या सकाळी तुम्ही गाठ मारत होतात तेव्हा तुमची बोटं माझ्या मानेला लागली, गारढोण. मी म्हणाले, आज तुमी वर येऊ नका. तुम्ही थाप मारलीत आणि म्हणालात, "जा तू. काय नाय होत." आत्याबाई, तेच शब्द. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरले. तोवर तुमचे डोळे आत गेले होते. पाणी पाजलं ते ओकलंत. दिवस मावळायच्या आत तुम्ही गेलात, आणि तुम्हाला पोचवून परत येईपर्यंत हा माझ्या पाठीवरच होता. मी रडले नाही, मला रडू सुचलंच नाही. तुमचा मुलगा म्हणाला, सोड आता त्याला, भुकेला असेल. मी गाठ सोडली नाही. पोराला खालून अलगद काढून घेतलं आणि कापड गाठीसकट डोक्यावरून उतरवलं. पुन्हा काही ते मी पाठीला घेतलं नाही. घाटाचं काम सोडून आम्ही गावी आलो, आणि हा माझ्या कडेवर वाढला.

तर उद्या मी सुनेला घेऊन बाजारात जाणार. तिला जे आवडेल ते ती उचलेल, मी बोटांत चोळून बघेन, नदीवर नेईन, दुकानदार ओरडेल. आणि घरी आल्यावर घडी मी मोडणार, वरवंटा बांधून, साऱ्या गावासमोर. ती रुसेल. रुसू दे. हा कागद मी तुमच्या कापडात ठेवून देते, दुसरीकडे कुठं धाडणार.

एक सांगायचं राहिलं. सुनेला मी सांगितलं की ती गाठ आता बसून गेली, सुटायची नाही, कापावीच लागेल. तुमच्या नातवालाही इतकी वर्षं हेच सांगत आले. खोटं आहे ते. काल आमच्या ओढाताणीत ती थोडी सैल झाली, माझ्या डोळ्यांदेखत. आवळावी म्हणून मी बोटं लावली आणि काढून घेतली. मी आवळली असती तर ती माझी गाठ झाली असती.