लिनचा नामो

नागपूर, ९ फेब्रुवारी २०२१

चि. स्नेहलतास,
जयभीम आणि आशीर्वाद.

फोनवर तू बोलत नाहीस, मीही बोलत नाही. मग शिवांगी मध्येच "हाय आजोबा" म्हणते आणि फोन ठेवला जातो. म्हणून लिहितोय. प्रताप याचा फोटो काढून तुला पाठवेल. थोरला भाऊ गेल्यापासून तोही घरात कमीच बोलतो.

काल पियूषचं पुण्यानुमोदन केलं. घरचेच होतो. फोटोला हार घालताना तुझ्या सासूबाई खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. आता बऱ्या आहेत.

तिथला, आयर्लंडचा अंत्यविधी आम्ही प्रतापचा फोन टीव्हीला जोडून पाहिला. पेटीपुढे पडदा ओढला गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी उभं राहून मोठ्याने त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी मुद्दाम टीव्हीच्या अगदी जवळ उभा होतो. तुझी मान मात्र खालीच होती. आमचा आवाज तिथे नीट आला ना, तेवढं कळव. मुलाला निघताना बापाची वंदना ऐकू गेली, एवढाच आता मला आधार आहे.

आणि पेटीजवळ हात जोडून पुटपुटणारा तो चिनी माणूस कोण? हा आजार जिथून आला तिथल्या माणसाला पुढे कशाला उभं केलंत? रागाने विचारत नाही. म्हणजे, रागच आहे.

वेळेवर जेवत जा. आमची माया आहेच, ती लिहून कळवायला नको.

तुझे,
बाबा


गॉलवे, १६ फेब्रुवारी २०२१

ति. बाबांस,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. आईंना सांगा, आम्ही दोघी जेवतो. शेजारची नोरा दारात स्टूचं भांडं ठेवते, बेल वाजवते आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहते. पियूष ग्रँड माणूस होता, असं तिथूनच ओरडून सांगते. आम्ही त्याला घेऊन निघालो तेव्हा रस्त्यावरचे सगळे आपापल्या फाटकापाशी उभे होते. घरात कोणी येऊ शकत नाही, म्हणून इथे आता तशी रीत पडली आहे.

तो माणूस म्हणजे लिन. तो तैवानचा, चीनचा नव्हे. पियूषबरोबर कंपनीत काम करायचा. दुपारी कँटीनमध्ये दोघांचा एक खेळ चालायचा. लिनने त्यांचं अक्षर काढायचं आणि त्यामागचा आपला शब्द पियूषने ओळखायचा. जपानी लोक ज्याला आकाश म्हणतात, तेच अक्षर लिनकडे रिकामं, आणि सूत्रांमध्ये शून्यता. धम्माला जे अक्षर, तेच कोर्टातल्या कायद्याला. त्यावर पियूष त्याला म्हणाला होता की आमच्या घरी ही दोन्ही एकाच माणसाने दिली, तेव्हा तुमचं अक्षर बरोबर आहे. मग लिनला सगळी हकिकत सांगण्यात त्याची जेवणाची सुट्टी गेली. घरी येऊन उपाशी म्हणून कुरकुरत होता.

त्या दिवशी दहाच जणांना परवानगी होती. भन्तेजी कोणी मिळाले नाहीत. वंदना मी म्हणायची ठरलं होतं. उभी राहिले, आणि पहिला शब्दच निघेना. शिवांगीला येत नाही. सगळे थांबून राहिले. तेव्हा लिन पुढे झाला आणि आजीकडून शिकलेलं काही म्हणू लागला. त्यातलं 'नामो' तेवढं मला कळलं. ते मी त्याच्याबरोबर म्हटलं.

इथे दफनभूमीत त्याच्या अस्थी ठेवून वर छोटा दगड बसवायचा आहे. त्यावर 'नामो'ची त्यांची अक्षरं लिहून द्यायची लिनची इच्छा आहे. तुम्ही म्हणाल तसं करू.

आईंना जपा. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
स्नेहलता


नागपूर, ३ मार्च २०२१

चि. स्नेहलतास,
जयभीम आणि आशीर्वाद.

लिनचं समजलं. भला माणूस दिसतो. पण दगडावर देवनागरीच हवी. आपल्या माणसाचं नाव आपल्याला वाचता आलं पाहिजे.

मी विचारलेलं एक तू लिहिलं नाहीस. आवाज आला होता ना?

शिवांगीला पापा.

तुझे,
बाबा


गॉलवे, १४ मार्च २०२१

ति. बाबांस,
सविनय जयभीम.

हे पत्र मी दोनदा लिहून टाकून दिलं. आईंनी प्रतापकरवी निरोप धाडला होता की हो म्हणून कळव, त्यांना तेवढंच हवंय. तसं लिहिता आलं असतं. पण तुम्ही दोनदा विचारलंत.

अंत्यविधीच्या खोलीतला कॅमेरा फक्त आतलं बाहेर दाखवतो. बाहेरचं आत काही येत नाही. तुमचा आवाज आला नाही, बाबा. तुम्ही सगळे म्हणत होतात, हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं.

लिनला मी त्या अक्षरांचा अर्थ विचारला. पहिल्याचा 'दक्षिण' आणि दुसऱ्याचा 'नाही'. मी गोंधळले. तो म्हणाला की तो अर्थ तिथे कोणी घेत नाही. 'नमो' हा आवाज लिहायला त्यांच्याकडे अक्षर नव्हतं, तेव्हा जवळचा आवाज असलेली दोन घेतली. जपानमध्येही तीच लिहितात. त्याच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती नुसतं म्हणायची.

दगडावर देवनागरीच घालू. रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा.

तुमची,
स्नेहलता


नागपूर, २४ एप्रिल २०२१

चि. स्नेहलतास,
जयभीम आणि आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रागावलो नव्हतो. काही दिवस लिहावंसं वाटलं नाही. आवाज एकाच बाजूने जातो, हे प्रतापने त्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी त्याला गप्प बसवलं होतं.

दगडावर लिनची अक्षरं वर घाला, खाली पियूषचं नाव. इथून गेलेला शब्द एवढा फिरून, कुणाकुणाच्या तोंडून त्याच्याजवळ पोचला. माझा पोचला नाही. त्या खोलीत जो म्हटला गेला तोच त्याचा. लिनला माझा जयभीम सांग. त्याचा अर्थ विचारेल, तो नीट सांग.

इकडचं तू बातम्यांत बघत असशील. आपल्या गल्लीतली चार घरं बंद आहेत. मोरेश्वर गुरुजी गेले. घाटावर घरच्यांनाही आत सोडत नाहीत. मी रविवारी विहारात वंदना घ्यायचो हे लोकांना माहीत आहे, म्हणून फोन येतात. तिथला एखादा कामगार फोन धरून उभा राहतो आणि मी इथून म्हणतो.

सुरू करण्याआधी, पलीकडे ऐकू येतंय का, ते विचारून घेतो.

जपून राहा. आम्ही आहोत.

तुझे,
बाबा